जीभ कशानं रंगते

“कालच्यापेक्षा आज कमी लाल हाय. जाऊ द्या तिला.”

मी टाइपरायटरवरून मान वर केली. ऑफिसची खिडकी कारखान्याच्या गेटकडे उघडायची, आणि मला कामावर लागून जेमतेम आठवडा झाला होता. बाहेर पॅकिंगच्या बायका एका ओळीत उभ्या होत्या. ओळीच्या तोंडाशी आमचे मुकादम भानुदासराव, हातात बॅटरी. एकेक बाई पुढे यायची, पदर सावरायची, तोंड उघडून जीभ बाहेर काढायची. भानुदासराव आत झोत टाकायचे, मान तिरकी करून पाहायचे आणि “हं” म्हणायचे. “हं” झालं की बाई गेटबाहेर. जिच्यासाठी हे वाक्य बोललं गेलं ती पोरगी असेल सोळा-सतरा वर्षांची. तिची जीभ अजून बाहेरच होती, कारण आत घे असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिची वकिली करणारी कोंडाबाई, पॅकिंगमधली सगळ्यात जुनी बाई, तिच्या मागे कमरेवर हात ठेवून उभी होती.

मला वाटलं, गावात कसली तरी साथ आली असेल. रात्री जेवताना काकांना विचारलं. ते हसले.

“गोळ्या खातात गं बेबी. रंगाची गोळी खाल्ली की जीभ रंगते. आणि जीभ खोटं बोलत नाही.”

हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं की पाहुण्यांपुढेही ते म्हणून दाखवायचे.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे काकांच्या धंद्याच्या ‘गोड आठवणी’ मागितल्या. नुकताच गावात काकांचा सत्कार झाला, शाल-नारळ झाला, आणि एका वक्त्याने सांगितलं की या कारखान्यात कामगारांना घरच्या माणसांसारखं वागवलं जातं. मी मागच्या रांगेत बसून ते ऐकलं. तेव्हापासून माझ्या मनात जे खदखदतंय तेच लिहिणार आहे. माझं शिक्षण कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठी बोललं तर दंड असायचा, त्यामुळे मराठी लिहिण्याची सवय मला उशिरा लागली. चुका असतील त्या संपादकांनी सुधाराव्यात. मजकूर मात्र सुधारू नये.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील मिलिटरीच्या हिशेबखात्यात नोकरीला, ते धंद्यात कधी पडले नाहीत. कामगार काकांना नानाशेठ म्हणतात. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला माझ्याकडे पुष्कळ आहे आणि ते आधी लिहिते, म्हणजे मी डूख धरून लिहिलं असं कोणी म्हणू नये.

आजोबांचं कापडबाजाराच्या मागे छोटं दुकान होतं. बत्तासे, रेवड्या आणि पाडव्याच्या आधी साखरेच्या गाठी. काका शाळा सोडून सायकलवर डबे बांधून यात्रा करायचे. मढीच्या यात्रेत रेवडीचा प्रसाद असतो, तिथे ते दोन-दोन दिवस आधी जाऊन झाडाखाली जागा धरायचे. एका वर्षी त्यांच्या ध्यानात आलं की रेवडी मोठी माणसं घेतात, पण शेजारी मुंबईच्या लिमलेटच्या गोळ्या घेऊन बसलेल्या माणसाकडे पोरांची झुंबड आहे. रेवडी वर्षातून एकदा, गोळी रोज. एवढ्यावर त्यांनी पुढचा सगळा धंदा उभा केला. पितळी साच्यांचे रोळ आणले, भट्टी बांधली, पहिल्या वर्षी पाक इतका जळाला की गल्लीत माशांऐवजी शेजारीपाजारी गोळा व्हायचे. मी कामाला लागले तेव्हा सावेडीच्या रस्त्याला, जिथे आता बंगले होऊ लागलेत, पत्र्याची मोठी शेड उभी होती आणि आमच्या गोळ्या पार श्रीगोंद्यापासून पाथर्डीपर्यंत प्रत्येक किराणा दुकानाच्या बरणीत होत्या.

गोळी कशी होते ते थोडक्यात सांगते. साखर आणि ग्लुकोज एकत्र उकळतात. पाक एका विशिष्ट कडकपणाला आला की तेल लावलेल्या लोखंडी टेबलावर ओततात. त्यात रंग, लिंबूफूल, वास घालून कणकेसारखा मळतात. गरम असतानाच रोळातून काढतात, की मासा, संत्र्याची फोड, चपटी टिकली असे आकार पडतात. थंड झाल्यावर चाळून भुकटी वेगळी करायची आणि मग पॅकिंग. पॅकिंग म्हणजे प्रत्येक गोळी हाताने मेणकागदात ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी एकेक पीळ द्यायचा. तुम्ही लहानपणी जी गोळी पीळ सोडून तोंडात टाकलीत तो पीळ कोणीतरी बाईने दिलेला होता. यंत्रं आहेत, पण ती परदेशी, आमच्याकडे नव्हती.

आणि या धंद्याचा एकच शत्रू, पाणी. गोळी हवेतला ओलावा ओढून घेते. तिला घाम सुटतो, मग ती कागदाला चिकटते, मग शेजारच्या गोळीला. करमाळ्याकडच्या एका दुकानदाराने एकदा आमच्याकडे उलट निरोप पाठवला होता की बरणीतल्या सगळ्या गोळ्यांचा मिळून एक दगड झालाय, तो हातोडीने फोडून विकतोय आणि गिऱ्हाईक खुश आहे, तेव्हा पुढच्या वेळी असाच माल पाठवा. काका तो निरोप सांगताना पोट धरून हसायचे. पण त्या दिवसापासून त्यांनी नियम केला की पॅकिंगच्या हॉलमध्ये पाण्याचा थेंब नको. माठ नको, तांब्या नको, ओला हात नको. पाणी प्यायचं तर दुपारच्या सुट्टीत भट्टीमागच्या नळावर.

हा नियम लक्षात ठेवा.

माझं काम इंग्रजी. काकांना इंग्रजी येत नाही आणि त्याची त्यांना लाजही नाही. पण ग्लुकोजवाले, वास विकणारे, यंत्रांचे एजंट सगळे इंग्रजीत लिहायचे. “आपल्या घरात इंग्रजी फुकट पडलंय,” असं म्हणून त्यांनी मला ऑफिसात बसवलं. मला ते सोयीचं होतं. मी कमी बोलते. पत्रात बोलावं लागत नाही. कोणी मुंबईचं आलं तर काका मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत सांगायचे, समोरचा इंग्रजीत बोलायचा, मी मराठीत सांगायचे. यात माझं स्वतःचं एकही वाक्य नसायचं. अशा नोकरीत माणूस वर्षानुवर्षं गप्प राहू शकतं.

मग दुष्काळ आला. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. आमच्या कारखान्यापुरतं सांगायचं तर साखर मिळेना आणि बायका मात्र हव्या तेवढ्या मिळू लागल्या. तिसगाव, पाथर्डीकडून माणसं शहरात आली. पुरुष खडी फोडायच्या कामावर, बायका मिळेल तिथे. शेवंता त्यातली. तिसगावच्या बाजूची, काळीसावळी, उंच, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणारी. पंधरवड्यात ती पॅकिंगमधली सगळ्यात वेगवान बाई झाली. तिची बोटं बघत राहावं अशी चालायची. कागद, गोळी, पीळ, पीळ. गुंडाळलेल्या गोळीच्या वजनावर मजुरी असल्याने तिच्या शेजारच्या बाया तिला चिडवायच्या.

“शेवंते, जरा दमानं. आमच्या ताटातल्या बी गुंडाळून टाकशील.”

“गुंडाळते की. तुमी झोपा.”

कोंडाबाई म्हणायची, “झोपंत बी गुंडाळतो बाई आमी. मानूस निजलं तरी हात चालूच.”

शेवंताची अडचण एकच होती. संध्याकाळी तिची जीभ सगळ्यात गडद असायची.

भानुदासरावांनी गेटवर आपला एक नियम ठरवला होता. थोडी रंगलेली जीभ चालेल, कारण एखादी गोळी कोण खात नाही. गडद असली तर समज. सारखी गडद दिसू लागली तर कामावरून बंद. बायकांनीही त्यावर उपाय काढले होते. कोणी राखुंडीने जीभ घासायची, कोणी पदराने. बहुतेकींनी मिश्री लावायला सुरुवात केली होती. मिश्रीने तोंड काळं झालं की बॅटरीत लाल-हिरवं कळत नाही. ज्या पोरीसाठी कोंडाबाई बोलली होती ती चार महिन्यांत मिश्रीशिवाय राहू शकेना. शहरातली सभ्य माणसं या बायकांना मिश्रीच्या व्यसनावरून नावं ठेवतात. मी पण ठेवायची. काही मुलींना हे व्यसन आमच्या गेटने लावलं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

शेवंताला मिश्रीने चक्कर यायची. म्हणून ती लावायची नाही. रोज संध्याकाळी भगव्या, हिरव्या, लाल जिभेने बॅटरीसमोर उभी राहायची आणि म्हणायची, “म्या एक बी गोळी खाल्ली न्हाई.”

“मग जीभ काय गुलाल खेळली?” भानुदासराव म्हणायचे. मागच्या बायका हसायच्या. हसायलाच लागायचं, पुढचा नंबर त्यांचा होता.

दिवाळीच्या आधी काकांना एक मोठी संधी आली. मुंबईच्या एका मोठ्या खरेदीदाराला, ज्यांची देशभर कँटीनं होती, आमच्या गोळीचा नमुना हवा होता. पसंत पडला तर स्वतः येऊन कारखाना पाहणार होते. ही ऑर्डर मिळाली असती तर काकांना ते परदेशी पॅकिंगचं यंत्र घेता आलं असतं. त्यांच्या बोलण्यात दुसरं काही नसायचं. नमुन्याचे डबे सुबक हवेत, सगळे पीळ एका दिशेला हवेत, म्हणून त्यांनी मला सांगितलं, “बेबी, तू जरा हॉलमध्ये बस. तुझ्या देखरेखीखाली होऊ दे.”

नुसती देखरेख करत बसणं मला जमेना. सगळ्याजणी माझ्याकडे बघायच्या. म्हणून मी एक ताट ओढून घेतलं आणि गुंडाळू लागले.

पहिल्या काही गोळ्या गेल्या आणि पुढे अडलं. मेणकागदाची थप्पी असते, कागद एकमेकांना घट्ट धरून बसतात. एक उचलायला गेलं की तीन येतात. नखाने सोडवायला गेलं की फाटतात. मी खटपट करत होते. शेजारी कोंडाबाई तिरक्या नजरेनं बघत होती.

“ताई, असं किती दिस बसनार?”

“कागद सुटत नाहीये.”

“सुटंल.” एवढंच म्हणाली आणि आपलं काम करत राहिली.

आणि मग मी नकळत तेच केलं जे कोणीही करेल, पुस्तकाचं पान उलटताना, पाकिटाला तिकीट लावताना करतो तेच. बोट जिभेला लावलं. कागद लगेच सुटला. पुढचा कागद, पुन्हा बोट जिभेला. त्याच बोटांनी मी गोळी उचलत होते, त्याच बोटांना भुकटी लागत होती, तीच बोटं पुन्हा जिभेला. मी मान वर करून हॉलभर पाहिलं. प्रत्येक बाईचा हात तोंडाकडे जाऊन येत होता. शेवंताचा सगळ्यात जास्त, कारण ती सगळ्यात वेगवान होती. मी हा हॉल कित्येकदा पाहिला होता आणि हे मला कधीच दिसलं नव्हतं.

वाटीत ओलं फडकं ठेवलं असतं तर बोट तोंडात घालायची गरज नव्हती. पण हॉलमध्ये पाण्याचा थेंब नको. म्हणजे आम्ही या बायकांना बोट ओलं करायला एकच जागा ठेवली होती, त्यांचं तोंड. आणि संध्याकाळी त्याच तोंडात बॅटरी मारून त्यांना चोर ठरवत होतो. जितकं काम जास्त तितकी चोरी मोठी.

त्या संध्याकाळी मी काकांच्या गाडीतून घरी गेले. मला गेटवर कोणी थांबवलं नाही. जेवताना काकूंचं लक्ष गेलं.

“अगं बाई, बेबीची जीभ बघा. संत्र्याच्या गोळ्या हाणल्या वाटतं दिवसभर. अजून लहानच आहे ही.”

सगळे हसले. काकाही हसले. म्हणाले, “खाऊ दे. घरचा कारखाना आहे.”

मी म्हटलं, “मी एकही खाल्ली नाही.”

“बरं बरं,” काकू म्हणाल्या आणि मला आणखी भात वाढला.

तेच वाक्य शेवंता रोज म्हणत होती. तिला त्याचं काय मिळत होतं आणि मला काय मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी काकांशी बोलायचं ठरवलं. त्याआधीच शेवंताला काढलं होतं. मी ऑफिसात पोचले तेव्हा ती गेटबाहेर धोंड्यावर बसलेली. भानुदासरावांनी सांगितलं, चार वेळा समज दिली, ऐकत नाही, शेठनीच बंद करायला सांगितलं.

काका टेबलाशी नमुन्याच्या डब्याला फीत बांधून बघत होते. मी दार लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी काकांसमोर एवढं बोलले, आणि तेही खाली बघत. कागद, बोट, जीभ, सगळं सांगितलं. मला खरंच वाटत होतं की त्यांना हे माहीत नाही. माहीत झालं की ते कपाळावर हात मारतील, भानुदासरावांना बोलावतील, शेवंताला आत घेतील.

त्यांनी फीत नीट बांधून पूर्ण केली.

“मला काय सांगतेस,” ते म्हणाले. “मी लहानपणी आईजवळ बसून दुकानातल्या रंगीत रेवड्या कागदात गुंडाळायचो. माझी जीभ कायम हिरवी. शाळेत मास्तर पोपट म्हणायचे.”

“मग?”

“मग काय? बाया दोनशे गोळ्या खातील की दोन, मला फरक पडत नाही. पण गेटवर धाक लागतो. शंभर बाया आहेत. प्रत्येकीला वाटलं पाहिजे की आपलं काहीतरी चुकलेलं आपल्या तोंडात दिसतंय. मग ती उलट बोलत नाही.”

“शेवंता उलट बोलली?”

“हॉलमध्ये माठ पाहिजे म्हणाली. पाचसहाजणींना घेऊन आली होती माझ्याकडे. म्हणे, दुपारपर्यंत घसा सुकतो, नळाला पाणी नसतं, टँकर आला तर आला. आज माठ मागितला, उद्या पंखा मागेल. तिला काढली की बाकीच्या महिनाभर सरळ.” मग जरा मऊ होऊन म्हणाले, “हे बघ बेबी, तू पत्रं छान लिहितेस. धंदा मला कळतो.”

मी बाहेर आले. मला रडू आलं नाही. राग आला. चुकीने केलेला अन्याय मी समजू शकते. माणसाला दिसत नाही, कोणी दाखवलं की दिसतं. पण ज्याची स्वतःची जीभ त्याच कामाने हिरवी झाली होती, त्याने ते बरोबर लक्षात ठेवून त्याचा असा उपयोग करावा? यात्रेत झाडाखाली झोपलेला, सायकलवर डबे घेऊन फिरलेला माणूस. त्याच कष्टांची गोष्ट तो पाहुण्यांना अभिमानाने सांगायचा. मला वाटायचं कष्ट सोसलेला माणूस दुसऱ्याचे कष्ट ओळखतो. ओळखतो, यात शंका नाही. पुढे काय करतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

शेवंता रोज संध्याकाळी गेटशी यायची. भानुदासराव म्हणायचे, “आठ दिसांनी ये, बघू.” ती म्हणायची, “आठ दिसांनी काय मी ऱ्हाते व्हय?” आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी यायची. ती भीक मागत नव्हती. उभी राहायची, ओळीच्या शेवटी, जणू ती अजून कामावरच आहे. बायका तिच्याकडे बघत नसत. बघितलं तर आपलंही नाव निघेल. एकदा मी तिच्याशी बोलायला गेले, तर म्हणाली, “ताई, तुमी सांगा की शेठला. तुमचं ऐकतील.” मी सांगितलंय आणि त्यांनी ऐकलं नाही, हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना. त्या घरची मुलगी मी. तिच्या हिशेबाने माझ्या शब्दाला वजन असणार. नव्हतं, हे तिला कसं पटावं?

नमुना पसंत पडला. खरेदीदार स्वतः येणार ठरलं. दक्षिणेकडचे गृहस्थ, पांढरा स्वच्छ बुशशर्ट, शांत बोलणं. मराठी एक अक्षर नाही. काकांनी सकाळपासून कारखाना धुऊन काढला होता आणि भानुदासरावांना सांगितलं होतं की आज बायकांना लवकर सोड, ओळ लावू नको. पण साहेबांची गाडी शिरूरला पंक्चर झाली, ते उशिरा आले, भट्टी बघण्यात रमले, पाकाचे प्रश्न विचारत राहिले. बायका पॅकिंग करताना दिसाव्यात म्हणून भानुदासरावांनी त्यांना थांबवून धरलं. आम्ही हॉल बघून बाहेर आलो तोवर सुट्टीची घंटा झाली होती, आणि कोणी न सांगता बायका सवयीने ओळीत उभ्या राहिल्या होत्या. भानुदासरावांच्या हातात सवयीनेच बॅटरी. पहिल्या बाईने जीभ बाहेर काढली होती. ओळीच्या शेवटी शेवंता.

साहेब थांबले. मला विचारलं, हे काय चाललंय?

मी काकांना मराठीत सांगितलं. काका क्षणभरही अडखळले नाहीत. चेहरा प्रसन्न ठेवून म्हणाले, “सांग त्यांना, आमच्याकडे रोज कामगारांची तब्येत तपासतात. घसा, जीभ. खाण्याचा माल आहे, स्वच्छता पाहिजे.”

साहेब माझ्याकडे बघत होते. काका माझ्याकडे बघत होते. काकांचं वाक्य तयार होतं, मी ते फक्त इंग्रजीत करायचं होतं. त्याचाच मला पगार मिळायचा.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. ऑर्डर मिळाली. मी जे बोलले त्यावर साहेबांनी “आय सी” म्हटलं, घड्याळात पाहिलं आणि निघताना काकांशी हात मिळवला. बायकांच्या जिभेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, गोळी चांगली होती. तेव्हा मी मोठं काही केलं असं मला मुळीच वाटत नाही. काका माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत, निरोप काकूंमार्फत. पाडव्यानंतर मी ती नोकरी सोडली, आता एका शाळेत शिकवते. पण साहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी, कोंडाबाई ओळीत पहिली होती, ती भानुदासरावांसमोर आली, तोंड घट्ट मिटून उभी राहिली, आणि म्हणाली, “शेठला ठावं हाय म्हन. मग तुमी कशाला बॅटरी जाळता?” आणि चालू लागली. तिच्यामागे सगळ्या तशाच, मिटल्या तोंडाने. शंभर बायकांना एका दिवसात कोण काढणार, तेही ऑर्डर तोंडावर असताना? आठवड्याच्या आत शेवंताला बोलावणं गेलं. तिच्यासारखे हात दुसऱ्या कोणाचे नव्हते. हॉलच्या दाराबाहेर माठ आला, आणि प्रत्येक ताटाशेजारी ओल्या फडक्याची वाटी. गोळ्यांना घाम सुटला नाही. काकांनी सत्काराच्या भाषणात त्या माठाचा उल्लेख स्वतःची कल्पना म्हणून केला, तेव्हा टाळ्या पडल्या.

हे सगळं झालं कारण त्या संध्याकाळी गेटवर माझं बोलणं साहेबांपाशीच थांबलं नाही. मी त्यांना इंग्रजीत सांगितलं, तीन-चार वाक्यं, हळू आवाजात. मला वाटलं होतं काम संपलं. इंग्रजी ही माझी लपायची जागा होती. त्या ओळीतल्या एकाही बाईला त्यातलं काही कळलं नव्हतं. शेवंता माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी तिच्यासाठी बोलले की तिच्याविरुद्ध, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

पण वाक्यं जरा जास्त झाली होती. तब्येत तपासतात हे सांगायला एवढी लागत नाहीत. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले.

“काय सांगितलंस त्यांना?” त्यांनी विचारलं.

बायका ऐकत होत्या. मी खाली बघितलं नाही. शेवटच्या बाईपर्यंत पोचेल अशा आवाजात मी म्हणाले, “मी सांगितलं की आम्ही या बायकांची जीभ चोर म्हणून तपासतो. ती गोळ्या खाऊन नाही, कागद सोडवायला बोट तोंडात घालावं लागतं म्हणून रंगते, आणि हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. आणि शेवंताला काढलं ते तिनं चोरी केली म्हणून नाही, तिनं प्यायला पाणी मागितलं म्हणून.”